विळी

हरिहरेश्वरच्या घरात ओटा आला तो मी कॉलेजात गेल्यावर. तोवर स्वयंपाक जमिनीवर, आणि आजीची जागा विळीवर. फणसाच्या लाकडाचा पाट, मिटणारं पातं, टोकाला खोवणीचे दात. पाटावर पाय दुमडून ती नारळाची वाटी दातांवर फिरवायची आणि ताटलीत चव भुरभुरत पडायचा. मला प्रथम बसवलं तेव्हा एकच ताकीद होती, "काळी पाठ दिसली की थांब गो." करवंटीजवळचा तपकिरी कीस मिसळला की सोलकढीचा रंग जातो.

लग्नानंतर पुण्यात मी मिक्सरवाली झाले. विळी गावालाच राहिली.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. वाडीतल्या सुपाऱ्या मोडल्या, माड आडवे झाले, स्वयंपाकघरावरची कौलं गेली. आम्ही पोचलो तेव्हा चिखलातून आईने आधी विळी उपसली. पाट फुगलेला, पात्यावर गंज. चिंच चोळून तिने ती घासली आणि मला दिली. "इथे आता खोवायला नारळ तरी कुठे आहेत?"

पुढच्या वर्षी नवऱ्याच्या नोकरीमुळे स्टुटगार्टला निघालो. १९६८ पासून हे मुंबईचं भगिनी-शहर. त्या नात्याने भाड्याचं घर लवकर मिळत नाही, एवढं सांगते. बॅग भरताना खरी गंमत झाली. पेढे आणि तूप बाहेर निघाले, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर तेवढे सुटलेले. म्हणजे ओला नारळ चालतो. सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या मात्र विमानतळावर काढायला लावल्या: तेलकट, आपोआप पेट घेऊ शकणारा माल! विळी मोठ्या बॅगेत, पात्याला जुनी साडी गुंडाळून. तिला कुणी काही म्हटलं नाही.

घर मिळालं. स्वयंपाकघराचं दार उघडलं तर भिंतीतून दोन नळ्या आणि वायरीचं तोंड. सिंक नाही, ओटा नाही, दिवासुद्धा नाही. तिकडे अनेक भाडेकरू जाताना आपलं स्वयंपाकघर उचकटून नेतात. ओटा बसायला तीन महिने लागणार होते. मी जमिनीवर विजेची एक शेगडी मांडली, शेजारी विळी, आणि बसले. ओट्याची सवय झालेल्या गुडघ्यांनी पहिले आठ दिवस कुरकुर केली.

दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची, त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. पत्रपेटीवर आडनाव नसेल तर टपाल परत जातं, आणि कराचा नंबरसुद्धा टपालानेच येतो. टेबल नव्हतं म्हणून ते सगळे फॉर्म मी विळीच्या पाटावर ठेवून भरले. एकावर हळदीचा डाग पडला; तसाच दिला, घेतला त्यांनी.

पहिल्या रविवारी हातोडीने नारळ फोडला. दुसऱ्याच घावाला खालच्या आजी दारात उभ्या. रविवारी शांतता पाळायची असते, भिंतीला भोक पाडायचं नाही, काचेच्या बाटल्याही कुंडीत टाकायच्या नाहीत, हे त्यांनी हातवारे करून समजावलं. आता नारळ शनिवारी फोडते, रविवारी खोवते. खोवण्याचा आवाज खाली जात नाही. करवंटी ओल्या कचऱ्यात टाकायची की उरलेल्यात, यावर मात्र आमच्या घरात अजून एकमत नाही.