तेलाचा ताप

माझी एमजीबी १९६३ सालची. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या गाड्यांपैकी अगदी सुरुवातीची. तीन मेन बेअरिंगांचे १७९८ सीसी इंजिन, आणि बॅटरीचे धन टोक चेसीला जोडलेले. ही उलटी पद्धत १९६७ पर्यंत टिकली. ऑइल कूलर त्या वेळी जादा पैसे मोजून मिळे, आणि माझ्या गाडीच्या पहिल्या मालकाने ते मोजलेले नव्हते. इंग्लंडात राहून मराठी वाचणाऱ्या माणसाने असली गाडी का बाळगावी, हा प्रश्न घरात विचारून झालेला आहे. असो.

मोटरवेवर अर्धा तास गेला की तेलाच्या दाबाचा काटा ६० पौंडांवरून ४५ वर उतरे. शेजारचा पाण्याचा काटा मात्र ध्यानस्थ. पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट राखणीला बसलेला असतो. माझ्या गाडीतल्या तेलाला तसा राखणदार नव्हता. ते पाण्याच्या कितीतरी मागून तापते, बेअरिंगांची उष्णता मुकाट वाहते, आणि फार तापले की पातळ होते. हे पातळ होणे दाबाच्या काट्यावरून फक्त अनुमानाने कळते. मला ते आकड्यात हवे होते.

माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. इंजिनाच्या तेलाच्या चेंबरला ते हाताची मागची बाजू लावत आणि म्हणत, ‘हिला ताप आहे.’ आम्हा भावंडांच्या कपाळालाही तीच बाजू लागे. त्या हाताला डिझेलचा वास असे.

कूलर बसवणे हे काम तसे सोपे. मूळच्या गाडीत ब्लॉकमधून निघालेले तेल एका आखूड नळीने फिल्टरकडे जाते. ती नळी काढायची, आणि तेलाला लांबची वाट दाखवायची: ब्लॉकमधून रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कूलरमध्ये, तिथून परत फिल्टरकडे. नट आवळताना मात्र दोन पाने लागतात. एकाने कूलरचे तोंड धरून ठेवायचे, दुसऱ्याने फिरवायचे. नाहीतर कूलरचे पातळ तोंडच पिळवटते. तापमापक मी तारेचा घेतला, म्हणजे विजेवर न चालणारा. टोकाच्या फुग्यात ईथर असते, तापले की त्याची वाफ दाब धरते, तो दाब केसाएवढ्या पोकळ तारेतून डॅशबोर्डमागच्या वाकड्या नळीत पोचतो, नळी किंचित सरळ होते आणि काटा हलतो. धन-ऋणाची भानगड नाही. जपायचे एवढेच, की तार कुठे मोडता कामा नये.

फुगा बसवायला सोयीची जागा कूलरहून परतणाऱ्या नळीवर होती. मी तिथे बसवला. काटा ७५ अंशांवर जाऊन थांबे. दोन-तीन आठवडे मी फार समाधानात होतो.

मग शेजारच्या निवृत्त फिटरने एकदा बोनेटखाली डोकावून विचारले, ‘हे कुठल्या तेलाचं तापमान आहे?’

थंड होऊन आलेल्या तेलाचे. बेअरिंगांतून गळून चेंबरमध्ये पडणाऱ्या तेलाबद्दल माझा काटा काही बोलतच नव्हता.

२०१६ च्या पावसाळ्यात वडील आजारी पडले. धाकटा भाऊ रोज फोनवर आकडे सांगे: ताप, रक्तदाब, ऑक्सिजन. ताप शंभराच्या आतबाहेर. मी ते वहीत लिहून ठेवत असे, आणि वहीच्या भरवशावर तिकीट पुढच्या आठवड्याचे काढले. मी पोचलो तेव्हा अग्नी देऊन झाला होता. पुढे बोलता बोलता कळले, की मी कामाला निघण्यापूर्वी फोन व्हावा म्हणून तो दुपारी ताप बघे; औषध देऊन तास उलटलेला असे. रात्री काय होई ते मी विचारले नव्हते. त्याने लपवले नव्हते. सांगितलेला प्रत्येक आकडा खरा होता.

फुगा मी चेंबरच्या तळाच्या बुचात हलवला. सगळे तेल पुन्हा काढावे लागले, एक शनिवार गेला. आता उन्हाळ्यात काटा सहज शंभरापलीकडे जातो. हिवाळ्यात उलट तक्रार: तेल ८० पर्यंतही तापत नाही, त्यात साठलेला ओलावा उडून जात नाही, म्हणून कूलरपुढे पुठ्ठा लावावा लागतो. कूलरच्या वाटेवर थर्मोस्टॅट बसवणे हा नीट उपाय. तो अजून केलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ आला होता. एम-४० वर ॲस्टन रोवांटचा लांब चढ लागतो, चुनखडीचा डोंगर कापून रस्ता काढलेला. वर घारी घिरट्या घालतात. इथून नामशेष झालेल्या, १९९० च्या सुमारास पुन्हा आणून सोडलेल्या. मला वाटले तो घारी पाहत असेल. तो काट्याकडे पाहत होता. ११२.

‘दादा, जास्त नाही ना हे?’

‘चढावर एवढं होतं.’

तरी मी पाय थोडा उचलला.