कॉन्फरन्स कोल्हापुरात? मुक्काम राजारामपुरीत!

शिवाजी विद्यापीठातल्या कॉन्फरन्सला निघालात आणि राहायची सोय आपली आपण करायची असेल, तर बहुतेकजण आधी अंबाबाईच्या देवळाजवळचं यात्री निवास गाठतात. देवीचं दर्शन होतं, खिशालाही परवडतं. पण बॉस, देऊळ जुन्या पेठांत आणि विद्यापीठ शहराच्या पार पूर्वेला! त्यात तारखा 9 ते 11 नोव्हेंबर किंवा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी असतील, तर किरणोत्सव. मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर येतात, ती बघायला ही गर्दी! खोलीचं तेव्हा विसराच.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरणाऱ्यांना स्टेशन रोड बरा. फक्त चेक-इन किती वाजता, हे फोनवरच विचारून घ्या. नाहीतर अंघोळीशिवाय पेपर वाचायची पाळी!

माझं मत मात्र राजारामपुरीला. इथे पत्ता म्हणजे गल्लीचा नंबर, रिक्षावाल्याला तेवढं पुरतं. विद्यापीठ एकीकडे, जुनं शहर दुसरीकडे, आपण मधे. सहाला सेशन संपलं की थेट रंकाळा, भेळ, मग गंगावेशीत डोळ्यांदेखत काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध. तांबडा-पांढरा दुसऱ्या रात्रीसाठी राखून ठेवा. आणि आयोजकांचं बुफे डिनर? मी तरी टाळते.