कर्णे, बॉक्स आणि किंग्स्टन

२१ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. लक्ष्मीपूजन

दुकानातली पूजा उरकली. सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, कॉइल गुंडाळायचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. वडिलांच्या काळातला अहुजाचा एक कर्णा अजून माळ्यावर आहे, त्यालाही एक फूल. प्रसाद खाता खाता भाचा म्हणाला, "मामा, आज तरी तुमचं ते काहीतरी लावा की." त्याचा डीजेचा धंदा आहे, घुलेवाडीपासून अकोल्यापर्यंत सुपाऱ्या घेतो. माझं गाणं म्हणजे त्याच्या लेखी झोपेची गोळी.

मी 'दिवाळी' लावली. किंग्स्टनच्या स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेननं बांधलेल्या एका तालाचं हे खरोखरच नाव आहे, आपल्या सणावरून ठेवलेलं. सगळी मजा टाळ्यांत. जमैकात अशा बांधलेल्या तालाला रिडिम म्हणतात आणि तो कुणा एकाच्या मालकीचा असल्यासारखा वापरत नाहीत. याच तालावर वेन वंडर गायला, न्यूयॉर्कची लुमिडी गायली, आणि शॉन पॉलचं 'गेट बिझी' २००३ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. भाचा उडालाच. "हे तर आपण वरातीत वाजवतो!"

"वाजव. पण शॉन पॉल माझ्या यादीत नाही."

"कसली यादी?"

म्हटलं, माझ्या आवडत्या रेगेवाल्यांची, डोक्यात आहे. तर म्हणतो, लिहून द्या, पेनड्राइव्ह भरून घेतो. गाडीत ऐकायला बरं. बघू.

२५ ऑक्टोबर, शनिवार

ग्रेगरी आयझॅक्सला जाऊन आज पंधरा वर्षं झाली. यादीत याचं नाव आधी लिहिलं, क्रमांक न घालता.

पुण्यात डिप्लोमाला होतो तेव्हा हॉस्टेलवर शेजारच्या खोलीत टांझानियाचा एक मुलगा राहायचा. त्याच्याकडच्या कॅसेटी ऐकून मी बिघडलो. त्यात 'नाइट नर्स' होती, १९८२ची. इंग्रजी तेव्हा अर्धं कळायचं, आणि जमैकन बोली तर त्यालाही सगळी कळत नसे. पण हा माणूस गाताना घाईच करत नाही. ताल पुढे जातो, हा मागून सावकाश येतो आणि बरोबर समेला हजर. लोक त्याला 'कूल रूलर' म्हणत. आवाजात तक्रार आहे, पण रडगाणं नाही. डेनिस ब्राउनचा गळा याच्यापेक्षा भरीव, हे मान्य. बारा-तेरा वर्षांचा असताना हिट गाणं दिलेला मुलगा तो, आणि बॉब मार्लीसुद्धा त्याला मानायचा. तरी रात्री शटर ओढल्यावर मी ग्रेगरीच लावतो. आवडीला कारण द्यायला लागलं की ती पातळ होते.

२९ ऑक्टोबर, बुधवार

मेलिसा चक्रीवादळ काल जमैकाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २९५ किलोमीटर. आपल्याकडे तेव्हा रात्र होती, त्यांच्याकडे भरदुपार. सकाळी मोबाइलवर सेंट एलिझाबेथकडची छायाचित्रं पाहिली. ब्लॅक रिव्हर गावाला छप्पर म्हणून राहिलेलं दिसेना. काम सुचलं नाही. बायको म्हणाली, "अहो, ओळखीचं कुणी आहे का तिथं?" काय सांगणार! ओळखीचे पुष्कळ आहेत, त्यांना मी माहीत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

आज दुकान बंद, म्हणून निवांत लिहितो. यादीत पहिला किंग टबी. भाचा विचारणार, कुठलं गाणं? तर हा गायलाच नाही.

ऑस्बोर्न रडक हे खरं नाव. वॉटरहाउस या किंग्स्टनच्या गरीब वस्तीत रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा माणूस. म्हणजे आमच्याच जातीचा. तिथं पन्नासच्या दशकापासून 'साउंड सिस्टिम' फिरायच्या: ट्रकवर बॉक्स लादायचे, मोकळ्या जागेत लावायचे, तिकीट लावून रात्रभर नाच. ज्यांना हॉटेलातला बँड परवडत नव्हता त्यांची ही करमणूक. टबीनं स्वतःची सिस्टिम बांधली, 'होमटाउन हाय-फाय'. तिचा आवाज इतरांपेक्षा स्वच्छ, कारण खर्ज, मध्य आणि तार यांची वाटणी त्यानं मन लावून केलेली. रिव्हर्ब आणि एको मैदानात आणणाऱ्या पहिल्या लोकांतला तो.

मग त्यानं घरातच स्टुडिओ केला, ड्रोमिली अव्हेन्यूवर. जागा इतकी कमी की गायकाला बाथरूममध्ये उभं करून आवाज घ्यायचा. तिथं त्याच्या हाती तयार गाण्यांच्या टेपा येत. तो मिक्सरवर बसून त्यातलं एकेक काढून घ्यायचा. गायक गायब, गिटार गायब, उरतात फक्त बास आणि ड्रम. मध्येच गायकाचा अर्धा शब्द येतो, एकोत घुमतो, विरतो. यालाच डब म्हणतात. वाजवणाऱ्यांनी सगळं वाजवून ठेवलंय आणि हा माणूस बटणं फिरवून ठरवतोय की काय ऐकू द्यायचं नाही. सायंटिस्ट नावाचा पोरगा त्याच्याकडे ट्रान्सफॉर्मरच्या निमित्तानं आला आणि जगप्रसिद्ध डब मिक्सर झाला. जॅमीही त्याच्याच हाताखालचा. ६ फेब्रुवारी १९८९ला टबीला घरासमोर कुणीतरी गोळ्या घातल्या. मार्लीचा जन्मदिवसही तोच, म्हणून टबीची आठवण दरवर्षी मागे पडते.

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दहा वूफरपैकी बहुतेकांची कॉइल जळलेली असते. मिरवणुकीत बासचं बटण शेवटापर्यंत फिरवलेलं, अँप्लिफायर क्लिप होतोय, वरून पोरं म्हणतात अजून दाब. छातीत धडधड झाली म्हणजे आवाज चांगला, अशी समजूत. टबीच्या बासनंही छाती हलते, पण त्यानं आजूबाजूला जागा रिकामी ठेवलेली असते, म्हणून. हे भाच्याला पटत नाही. गिऱ्हाइकाला पटत नाही म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे.

यू-रॉयही इथंच लिहून ठेवतो. टबीच्या सिस्टिमवर माइक धरून, वाजत्या रेकॉर्डवर तालात बोलणारा. १९७० मध्ये त्याच्या तीन रेकॉर्डी जमैकाच्या यादीत एकाच वेळी वरच्या तीन जागांवर होत्या. न्यूयॉर्कचं रॅप त्यानंतरचं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑर्केस्ट्रावाल्याचा जुना कॅसिओ दुरुस्तीला आला, चार पट्ट्या बसलेल्या. साफ करताना हसू येत होतं. १९८५चा 'स्लेंग टेंग' रिडिम कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डवरच्या तयार तालातून निघाला. नोएल डेव्ही आणि वेन स्मिथला तो बटण दाबताना सापडला, जॅमीनं त्याची गती कमी केली आणि रेकॉर्ड काढली. झालं, ड्रमर-बासवाल्यांशिवायचं डान्सहॉल, म्हणजे रेगेचंच नाचायचं रूप, सुरू. तो ताल कॅसिओत भरणाऱ्या बाई म्हणजे हिरोको ओकुदा, जपानी. त्यांनी कॉलेजात रेगेवरच प्रबंध लिहिला होता! रेगे जपानला गेलं आणि प्लॅस्टिकच्या डब्यातून घरी परत आलं.

ऑर्केस्ट्रावाल्याला हे सांगितलं. त्यानं बिल किती झालं ते विचारलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कारखान्याकडे उसाच्या गाड्या सुरू झाल्या. रस्त्यावर चिपाडं, कोपीवरची पोरं, संध्याकाळी बिबट्याच्या भीतीनं लवकर सामसूम.

जमैकाही उसाचंच बेट. गुलामी १८३८ मध्ये संपली, मळ्यांवर माणसं कमी पडायला लागली, तेव्हा इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. पहिलं जहाज 'ब्लंडेल हंटर', १० मे १८४५ला ओल्ड हार्बर बेला लागलं. १९१७ पर्यंत छत्तीस हजारांवर माणसं गेली. बहुतेक उत्तरेकडची, मराठी मुलखाचा संबंध फारसा नाही. त्या मजुरांच्या वंशातला एक पोरगा म्हणजे सुपर कॅट, खरं नाव विल्यम मराघ. स्वतःला 'वाइल्ड अपाचे' म्हणवणारा. त्याच्यावरून बर्मिंगहॅमच्या स्टीव्हन कपूरनं 'अपाचे इंडियन' हे नाव घेतलं, आणि १९९३ मध्ये त्याचं 'बूम शॅक-अ-लॅक' आपल्याकडच्या केबल टीव्हीवर दिवसभर वाजायचं. हेल अगदी जमैकन. तेव्हा मीही कॅसेट घेतली होती. आज ऐकवत नाही. सुपर कॅटचा 'डॉन दादा' मात्र आजही कोरा करकरीत वाटतो. शब्द कात्रीसारखे कापत जातो आणि श्वास कुठं घेतो ते कळत नाही. हा यादीत वरचा.

१६ नोव्हेंबर, रविवार

चहाच्या टपरीवर एका निवृत्त गुरुजींशी वाद. त्यांचं म्हणणं, तुझं ते डान्सहॉल अश्लील. काही अंशी आहेच. जमैकातच त्याचे दोन कप्पे मानतात: एक 'कल्चर', म्हणजे देव, गरिबी, न्याय, दुसरा 'स्लॅकनेस', म्हणजे चावट. गंमत अशी की दोन्ही गाणारा बहुधा एकच असतो.

म्हटलं, गुरुजी, संगमनेरच्या माणसानं हे बोलू नये. आपला अनंत फंदी कोण होता? तमाशात रमलेला शाहीर, लावण्या रचणारा. अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केली आणि तो कीर्तनाकडे वळला, असं सांगतात. उपदेशाचे फटके त्याचेच आणि शृंगाराच्या लावण्याही त्याच्याच. तिकडे लेडी सॉ नावाची बाई होती, डान्सहॉलची राणी, पुरुषांना लाज वाटावी असं गाणारी. डिसेंबर २०१५ मध्ये तिनं बाप्तिस्मा घेतला. आता ती मॅरियन हॉल, प्रवचन देते. गुरुजी म्हणाले, "तिला कुणी अहिल्याबाई भेटली का?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

माझी आवडती मात्र सिस्टर नॅन्सी. 'बॅम बॅम', १९८२. विन्स्टन रायलीचा 'स्टॅलॅग' हा रिडिम आधीच सत्तरच्या दशकात गाजलेला, त्यावर ही विशीतली मुलगी अशी उभी राहिली की मूळ गाणं लोक विसरले. तेव्हा माइक धरणारे जवळजवळ सगळे पुरुष. गाणं जगभर वाजलं, चित्रपटांत गेलं, आणि हिच्या हातात त्यातलं काही पडलं नाही. ही अमेरिकेत जाऊन बँकेत नोकरी करत राहिली. तीस-बत्तीस वर्षांनी बुटांच्या जाहिरातीत स्वतःचा आवाज ऐकला, तेव्हा वकील गाठला आणि हक्काचा वाटा मिळवला.

हे लिहिताना आपल्या तमाशातल्या कांताबाई सातारकर आठवतात. १९६४ मध्ये त्यांचे पती तुकाराम खेडकर गेले, आणि पुढे या बाईनं स्वतःचा फड उभा केला, मुलाला, रघुवीरला, घडवलं. २५ मे २०२१ला इथंच, संगमनेरात, कोरोनानं गेल्या. फडाच्या कनातीमागे बसून वडील कर्ण्यांची तोंडं फिरवायचे, मी वायर धरायचो. बाईंचा आवाज माइकवर येण्याआधीच शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेला असायचा. वडील म्हणत, यांना आपण काय पुरवायचं?

१९ नोव्हेंबर, बुधवार

नगरपालिकेच्या प्रचाराच्या रिक्षा सकाळपासून. हिट गाण्याच्या चालीत उमेदवाराचं नाव बसवलेलं. जमैकात साउंड सिस्टिमवाले असंच नामवंत गायकाकडून आपल्या सिस्टिमचं नाव घालून गाणं म्हणवून घेतात, प्रतिस्पर्ध्याची जिरवायला. त्याला डबप्लेट म्हणतात. तिथं निदान गायक मूळचाच असतो.

आता यादीत डान्सहॉलवाल्या बुजू बँटनचं काय करावं? 'टिल शायलो', १९९५, हा संपूर्ण अल्बम माझा जीव की प्राण. पण त्यानं कोवळ्या वयात समलिंगी माणसांना मारा म्हणणारं गाणं केलं होतं. ते त्यानं २०१९ मध्ये मागे घेतलं, अमेरिकेतला तुरुंगवास भोगून आल्यानंतर. उशिरा का होईना, घेतलं. यादीत नाव लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी अल्बमचं नाव ठेवलं, माणसाचं नाही. अशी पळवाट वहीत चालते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

काल धर्मेंद्र गेला. गावात दुसरा विषय नाही. रात्री कळलं, जिमी क्लिफही गेला. एक्याऐंशी वर्षांचा होता. सकाळपासून दुकानात येणारा प्रत्येक जण 'शोले' काढतोय आणि मी मान हलवतोय, आत दुसरंच चाललंय.

तसं अगदीच दुसरं नाही. 'द हार्डर दे कम', १९७२, पेरी हेन्झेलचा चित्रपट, जमैकाचा पहिला म्हणावा असा. नायक आयव्हन, म्हणजे जिमी क्लिफ, खेड्यातून शहरात येतो आणि थिएटरात बसून 'जँगो' बघतो. इटालियन काउबॉयपट, पडद्यावर गोळ्यांचा पाऊस, खाली प्रेक्षकांचा आरडाओरडा. त्याच इटालियन काउबॉयपटांचं पाणी पिऊन तीन वर्षांनी आपला 'शोले' आला. आयव्हन गाणं रेकॉर्ड करतो, त्याचे त्याला वीस डॉलर मिळतात. पुढे बंदूक. त्या काळात जमैकात गाण्याचे पैसे असेच हातावर ठेवले जात, हे चित्रपटानं जगाला दाखवलं. आणि रेगे जगभर पोचवण्यात या चित्रपटाच्या गाण्यांचा मोठा वाटा. मार्लीचं नाव मोठं झालं त्यानंतर.

क्लिफचा आवाज चढा, स्वच्छ, थोडासा देवळातला. 'मेनी रिव्हर्स टू क्रॉस' त्यानं पंचविशीत केलं, इंग्लंडात धडपडत असताना. त्यात रेगेचा ताल जवळजवळ नाहीच, ऑर्गन आहे. तरी माझ्या यादीत ते आहे.

एक गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, आज डोळे लाल का? धर्मेंद्र एवढा आवडायचा?" म्हटलं, हो. तेही खोटं नव्हतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

युनेस्कोनं २०१८ मध्ये याच दिवशी रेगेला मानवतेच्या वारशात घेतलं. मुहूर्त बरा म्हणून यादी भाच्याच्या हातात दिली. टबी, सिस्टर नॅन्सी, ग्रेगरी, सुपर कॅट, जिमी क्लिफ, यू-रॉय, 'मार्कस गार्वी' करणारा बर्निंग स्पिअर, डेनिस ब्राउन, आणि क्रमांकाशिवाय नुसता 'टिल शायलो'. नव्यांतली कॉफी, जिनं एकोणिसाव्या वर्षी रेगे अल्बमचं ग्रॅमी घेतलं.

"बॉब मार्ली कुठंय?"

"त्याचे टी-शर्ट आहेत की गावभर."

"असं नसतं मामा. लोकं हसतील."

मग दहावा मार्ली घातला. त्याच्यावर राग नाही. लोक त्याच्यावरच थांबतात, याचा आहे. गोव्यात २०१६ पासून 'सनस्प्लॅश' भरतं, दिल्लीच्या रेगे राजाजनी सुरू केलेलं. एकदा जाऊन आलो. तिथंही गेटावर मार्ली, आत मात्र रात्रभर इतर सगळे. मी बहुतेक वेळ बॉक्सच्या मागे उभा राहून जोडणी बघत होतो. एका पोऱ्यानं मला इलेक्ट्रिशियन समजून एक्स्टेन्शन मागितलं. दिलं काढून.

संध्याकाळी भाच्याचा फोन. गाडीत ऐकलं म्हणे, टबी अर्धा, नॅन्सी तीनदा. आणि मला न विचारता त्यानं शॅगीचं 'बूम्बॅस्टिक' घुसडलंय. असू दे. दुरुस्त केलेला वूफर तपासायला मी स्वतः तेच लावतो.