मुक्कामाचा गोल

माउलींची पालखी तरडगावच्या वाटेला लागते आणि लोणंदचा तळ एकाएकी मोकळा होतो. मागे उरतात राहुट्यांच्या खुंट्यांची भोकं, चुलींची काळी वर्तुळं, चिखलात उमटलेली पावलं. दोन दिवसांनी तिथं पोरं फुटबॉल घेऊन येतात. दोन विटा मांडल्या की गोल तयार. मार्केट यार्डाकडून कांद्याचा उग्र वास येत असतो, पलीकडून मिरजेची गाडी जाते. मी कडेला उभा राहून बघतो, आणि दरवेळी मला १९५६ चं मेलबर्न ऑलिम्पिक आठवतं.

तिथं आपला नेव्हिल डिसोझा होता. जन्म गोव्यातल्या आसगावचा, खेळ मुंबईच्या मैदानांवरचा. १ डिसेंबरला त्यानं यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले आणि भारत ४-२ असा जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियावर पहिला गोलही त्याचाच. थोडा वेळ भारत अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर उभा होता. मग आपल्यावर चार गोल झाले.

दुसऱ्या उपांत्य सामन्यात एदुआर्द स्ट्रेल्त्सोव होता. मॉस्कोच्या तोरपेदो क्लबचा, अवघ्या १९ वर्षांचा. बल्गेरियाविरुद्ध जादा वेळ चाललेला, सोव्हिएत संघ एका गोलनं मागे, दोन सहकारी जायबंदी, आणि बदली खेळाडू उतरवायची सोय तेव्हा नव्हती. त्यानं बरोबरी साधली. पाठोपाठ तातुशिननं दुसरा गोल केला. पण अंतिम सामन्यात स्ट्रेल्त्सोवला बसवलं, कारण त्याचा जोडीदार इवानोव जखमी होता आणि प्रशिक्षकांना पुढे एकाच क्लबची जोडी हवी होती. सोव्हिएत संघानं युगोस्लाव्हियाला १-० हरवलं. सुवर्णपदकं मिळाली ती फक्त अंतिम सामना खेळलेल्यांना. त्याच्या जागी खेळलेल्या निकिता सिमोन्यान यांनी आपलं पदक त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते घेतलं नाही.

ही हकिगत आठवली की मला माझी आई दिसते. तीस वर्षं तिनं वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढली, पंढरपूरला मात्र एकदाही गेली नाही. आम्ही तिला न्यायला निघालो तर म्हणायची, "माउली दारावरून जातात, मला अजून काय पाहिजे?" लोणंद हे मुक्कामाचं गाव. नीरेत पादुकांना स्नान घालून पालखी इथं टेकते, थकलेले पाय इथं चेपले जातात, आणि वारी पुढे निघून जाते. म्हणून असेल, मला विजेत्यांच्या यादीपेक्षा उपांत्य सामन्यातला गोल जवळचा वाटतो.

पण स्ट्रेल्त्सोवविषयी लिहिताना इथवर थांबणं खोटेपणाचं होईल. १९५८ च्या विश्वचषकाच्या तोंडावर बलात्काराच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. बारा वर्षांची शिक्षा झाली आणि पाच वर्षांनी तो सुटला. त्या खटल्यावर रशियात अजून वाद चालतो. वाद घालणारे त्याच्या हुकलेल्या विश्वचषकाचा हिशेब मांडतात. त्या तरुणीच्या आयुष्याचं काय झालं, हे क्वचितच कुणी विचारतं. ते मला सलतं, आणि सलत राहावं असंच वाटतं. १९६५ मध्ये तो तोरपेदोकडे परतला, त्याच वर्षी क्लब विजेता ठरला. १९६७ आणि १९६८ साली तो देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू होता.

डिसोझा १९८० मध्ये गेला, पन्नाशीच्या आतच. आमच्या तळावरच्या एकाही पोराला त्याचं नाव माहीत नव्हतं. परवा मी सांगितलं. ऑस्ट्रेलियावरचे तिन्ही गोल, मग युगोस्लाव्हियावरचा चौथा. पोरं विटांवर टेकून ऐकत राहिली.

मग पुन्हा खेळ सुरू झाला. गोलकडे पाठ असलेल्या एका पोरानं मागं न बघता टाचेनं चेंडू सारला. अशा पासला रशियात अजून स्ट्रेल्त्सोवचं नाव आहे. अंधार इतका झाला होता की चेंडू दिसेना. तरी विटांपाशी कुणीतरी हात वर करून ओरडत होतं, "इकडं दे, इकडं दे!"