गाव सोडल्यावर मिळालेलं नाव

पेणमध्ये राहणाऱ्याला पेणकर म्हणायची गरज कुणालाच पडत नाही. तिथे तो तेली असतो, सुतार असतो, नाहीतर अमक्या आळीतला. तोच मुंबईला उतरला की लोक विचारतात, कुठले तुम्ही? उत्तर आडनाव होऊन चिकटतं, आणि नातवंडं पेण न बघताही ते मिरवतात. इंग्लंडात डरहॅमकडच्या वॉशिंग्टन गावाचं नाव एका घराण्याने असंच उचललं; ते अमेरिकेत पोचलं आणि राजधानीचं झालं.

रायगडच्या बेने इस्रायली ज्यूंनी ही रीत फार मनापासून पाळली. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरागत कथा. कुटुंबं गावोगाव पांगली, घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. वार हिब्रू राहिला, पत्ता अस्सल कोकणी झाला: पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, कुंडलिकेपलीकडच्या अष्टमीचे अष्टमकर, किहीमचे किहीमकर. अशी शंभरावर आडनावं!

मुंबईत मांडवीला १७९६ मध्ये या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर आपल्या माणसांत सामाजी हसाजी होते. दिवेकर चित्पावनांतही आहेत. नुसत्या आडनावावरून घरात देवघर आहे की दारावर ज्यूंची मेझुझा, म्हणजे धर्मवचनाची डबी, हे सांगता येत नाही. नाव देताना गावाने धर्म विचारला नाही, याचं अप्रूप वाटतं.

सिनेमाने मात्र ही गावं पुसली. १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये लागलेला ‘आलम आरा’ ज्या नाटकावरून निघाला, त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर. लोकांच्या तोंडी राहिलं ते जोसेफ डेव्हिड. ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा, डेव्हिड अब्राहम चेऊलकर, पडद्यावर फक्त डेव्हिड झाले, त्यांच्या नावातलं चौल किती जणांना ठाऊक असेल?

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. पेणमध्ये १८६३ चं सिनेगॉग मागे राहिलं. तिकडे काहींनी हिब्रू आडनावं घेतली, पुष्कळांनी ‘कर’ सोडला नाही. याच मंडळींनी इस्रायलमधून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही काढलं.