अर्धा गुण कुठे कापला?

आई सहा महिन्यांच्या मुक्कामाला एडिसनला आली होती तेव्हाची गोष्ट. जेवणाच्या टेबलावर मुलानं जाड प्लॅस्टिकच्या डबीतलं एक बेसबॉल कार्ड ठेवलं होतं. आईनं चष्मा सारखा केला, डबी उजेडाकडे धरली, वरच्या पट्टीवरचा आकडा वाचला आणि नातवाला विचारलं, "साडेनऊ? अर्धा गुण कुठे कापला रे?"

कऱ्हाडच्या शाळेत तिनं आयुष्यभर मराठी शिकवलं आणि वर्षानुवर्षं दहावीचे गठ्ठे तपासले. अर्धा गुण कापला तर कशासाठी, ते तिला सांगता यायलाच हवं. नातवाला सांगता येईना. पट्टीवर नुसता आकडा. छपाई मधोमध आहे की सरकलेली, कोपरे टोकदार आहेत की दबलेले, कडा सोललेल्या आहेत का, पृष्ठभागावर ओरखडा आहे का, हे बघून कुणीतरी कुठल्याशा दिव्याखाली तो ठरवलेला. कार्डांना असे गुण देणाऱ्या कंपन्यांपैकी बेकेट या चारही गोष्टींचे गुण पट्टीवर वेगवेगळे छापून देते. आमच्या डबीवर तेही नव्हतं.

कार्ड होतं केन ग्रिफी ज्युनिअरचं. अपर डेक कंपनीनं १९८९ साली आपला पहिला संच काढला आणि त्यात क्रमांक १ वर एकोणीस वर्षांच्या या पोराला बसवलं. तोवर तो सिअॅटल मरिनर्स या मोठ्या संघाकडून एकही सामना खेळला नव्हता. फोटो हाताशी होता तो सॅन बर्नार्डिनोच्या धाकट्या संघातला, त्या संघाच्या टोपीतला. मग छापण्याआधी टोपी रंगवून मरिनर्सची केली. म्हणजे मुळात टोपीच खोटी, आणि आम्ही बापलेक भिंग लावून कोपरे बघणार! पण हा छंदच असा आहे. चित्रातल्या खोटेपणाला इथं कुणाची हरकत नसते, पुठ्ठ्याला मात्र ओरखडा चालत नाही. आम्ही लहानपणी काडेपेटीचे छाप जमवायचो ते बहुतेक रस्त्यावरच सापडलेले असायचे. त्यांना कोण कसले गुण देणार!

मुलाला हे वेड कोविडच्या काळात लागलं. त्याला एकट्यालाच नव्हे, अख्ख्या अमेरिकेला. २०२१ च्या मार्चमध्ये पीएसए या गुण देणाऱ्या कंपनीकडे कार्डांचे इतके ढीग साचले की त्यांना बहुतेक सेवा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. आता तो कॉलेजात आहे आणि खरेदीपेक्षा हिशेब जास्त करतो. त्याचा हिशेब असा: हेच कार्ड दुसऱ्या एका कंपनीच्या डबीत, १० च्या पट्टीखाली गेलं, तर किंमत कितीतरी पटींनी वाढेल. कार्ड तेच, पुठ्ठा तोच, रंगवलेली टोपीही तीच. बदलणार फक्त डबी. याला क्रॉसओव्हर म्हणतात.

अडचण एवढीच की त्या दुसऱ्या कंपनीच्या शिडीला साडेनऊची पायरीच नाही. नऊनंतर थेट दहा. तिथं गेलं की आमच्या अर्ध्याला एक तर वर चढायचं, नाही तर खाली उतरायचं. आईला हे ऐकून फार मजा वाटली. म्हणाली, "मग चौकशी कसली? हे तर काठावरच्या मुलाचं प्रकरण आहे."

क्रॉसओव्हरच्या अर्जात एक रकाना असतो: किमान श्रेणी. तुमचं कार्ड जुन्या डबीतच, जुन्या पट्टीसकट जातं. ते डबीतच असताना तपासतात. तुम्ही लिहिलेल्या श्रेणीला ते उतरलं तरच जुनी डबी फोडून नव्या डबीत घालतात, नाही तर जसं गेलं तसं परत. फी दोन्ही वेळा द्यायचीच. त्या रकान्यात मी नऊ लिहिलं असतं. मुलगा म्हणाला, "बाबा, नऊ लिहिलं तर ते नऊच देतील." आईनं मान डोलावली. मला दोघांचाही थोडा राग आला.

दुसऱ्यांदा तपासणं हा आईचा जिव्हाळ्याचा विषय. तिच्या काळात निकालावर नाराज असलेल्या मुलाला फक्त गुणपडताळणी मागता यायची: बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच. उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन ही सोय नंतर आली. पण नियामक म्हणून बसल्यावर दुसऱ्याच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका तिनं पुन्हा तपासल्या होत्या. ती सांगायची, निबंधाच्या बाजूला लाल शाईत सहा दिसले की तो निबंध आपल्यालाही सहाचाच वाटायला लागतो. सात द्यायचे म्हटलं तर हात अडखळतो, कारण ते सात फक्त मुलाला मिळत नाहीत, पहिल्या परीक्षकाकडून काढूनही घेतले जातात. "वरचा आकडा झाकल्याशिवाय दुसऱ्यासमोर ठेवू नये," असं तिचं मत होतं. मंडळाला ती हे कधी कळवू शकली नाही; आम्हाला मात्र अनेकदा सांगितलं.

आकडा झाकायचा उपाय कार्डवाल्यांनी केव्हाच शोधलाय. डबी स्वतः फोडायची आणि कार्ड उघडं, कोरं करून पाठवायचं. त्याला क्रॅक करणं म्हणतात. कार्डाचा इतिहास पुसला जातो, आणि त्याबरोबर हातातलं जुनं प्रमाणपत्रही जातं. पाच येऊ शकतात, दहाही येऊ शकतात.

आम्ही ते एकदा केलं होतं. ग्रिफीवर नव्हे, एका स्वस्तातल्या कार्डावर, नऊच्या पट्टीच्या. डबीच्या कडा यंत्रानं जोडलेल्या असतात, नखानं निघत नाहीत. मी गॅरेजमधून पक्कड आणली. टेबलावर टॉवेल पसरला. मुलानं डबी धरली, मी वरचा डावा कोपरा पकडीत घेतला आणि दाबला. सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला, पांढरी चीर खालपर्यंत धावत गेली. इथवर ठीक होतं. मग मला घाई झाली. चिरेत स्क्रूड्रायव्हर घालून मी पिळला, आणि प्लॅस्टिकचा एक टवका आत वळून कार्डाच्या कोपऱ्यावर घासत गेला. तांदळाच्या कणीपेक्षाही लहान पांढरा ठिपका पडला. मुलगा काही बोलला नाही. त्यानं ते कार्ड तरीही पाठवलं. सात येऊन परत आलं. त्या सातात कंपनीचा काहीच दोष नव्हता. वरचे दोन मी खाल्ले होते.

आणि त्या एका कार्डाची नोंद दोनदा झाली ती वेगळीच. कुठल्या कार्डाच्या किती प्रती कुठल्या श्रेणीच्या आहेत याची यादी या कंपन्या ठेवतात. डबी फोडून पाठवलेलं कार्ड तिथं नव्यानं जन्मतं, आणि जुनी पट्टी कुणी परत करून नोंद काढून टाकायला सांगितली नाही, तर मेलेलं नावही यादीत राहतं. आपल्याकडे मतदार यादीत दुबार नावं असतात तशी. दहासाठी एकच कार्ड चार वेळा पाठवणारे लोक आहेत. तेव्हा अमुक कार्डाच्या इतक्या प्रती आहेत असं कुणी ठणकावून सांगितलं की मी मनातल्या मनात काही वजा करतो.

परीक्षक मोठा म्हणून निकाल पक्का, असंही नाही. १९९१ साली पीएसए सुरू झाली तेव्हा त्यांनी प्रमाणपत्र क्रमांक १ ज्या कार्डाला दिलं ते बेसबॉलपटू होनस वॅगनरचं होतं, १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून निघालेल्या मालिकेतलं. आईस हॉकीचा वेन ग्रेट्स्की आणि त्याचा भागीदार यांनी त्याच वर्षी लिलावात त्याला ४,५१,००० डॉलर मोजले होते. पीएसएनं आठ दिले. २०१३ साली बिल मास्ट्रो या लिलाव व्यावसायिकानं न्यायालयात कबूल केलं, की त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. कापलेल्या कार्डाला आठ सोडाच, आकडाच मिळत नाही, असा नियम. तरी त्याची ओळख आजही पहिलं आठ अशीच आहे.

हे सगळं मी मुलाला सांगितलं. त्यानं मला टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या बेसबॉल संचातला मिकी मँटल सांगितला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो १ कोटी २६ लाख डॉलरला गेला, तेव्हाचा विक्रम. डबी एसजीसी या गुण देणाऱ्या आणखी एका कंपनीची आणि पट्टीवर ९.५. "त्याला कुणी विचारलं नाही, अर्धा कुठे गेला म्हणून," मुलगा म्हणाला. यावर काय बोलणार? मीही मग ग्रिफीचाच दाखला दिला. २०१६ साली त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेताना ४४० पैकी ४३७ मतं पडली. त्या वेळेपर्यंत इतक्या टक्क्यांनी कुणीच निवडून आलं नव्हतं. आणि तरी तिघांनी त्याचं नाव लिहिलं नाही. त्या तिघांनीही अर्धा गुण कुठे कापला ते सांगितलेलं नाही.

एक गंमत जाता जाता. २०२४ मध्ये पीएसएच्या मालक कंपनीनं एसजीसीही विकत घेतली. म्हणजे एसजीसीकडून पीएसएकडे पुनर्मूल्यांकनाला जायचं तर परीक्षक दोन आणि मंडळ एकच.

शेवटी अर्ज मुलानंच भरला. किमान श्रेणी या रकान्यापाशी त्यानं पेन थांबवलं नाही. थांबलो मी, त्याच्या खांद्यामागे. त्यानं १० लिहिलं. कार्ड फोमच्या पुठ्ठ्यात बसवलं, खोक्यावर चिकटपट्टी फिरवली आणि पोस्टात टाकून आला.

उत्तर यायला इतके आठवडे लागले की तोवर आई कऱ्हाडला परतली होती. खोकं उघडलं तर तीच डबी, तीच पट्टी. बरोबर चिठ्ठी: किमान श्रेणी गाठलेली नाही. कारण लिहिलेलं नव्हतं. रविवारी फोनवर आईनं पहिलं तेच विचारलं, "किती पडले?" मुलगा म्हणाला, "आजी, साडेनऊच." ती म्हणाली, "मग काही गेलं नाही." फी गेली, हे तिला आम्ही सांगितलं नाही.

त्यानंतर दोनदा मुलानं गॅरेजमध्ये जाऊन ड्रॉवर उघडले. पक्कड कुठं आहे, असं विचारलं. मी सांगितलं, सापडत नाही.