सुईच्या आधीचा तास

दाढेची नस सुजली की माणूस गार पाण्याची बाटली हातात घेऊनच दवाखान्यात येतो. एक घोट तोंडात घ्यायचा, दुखऱ्या बाजूला धरून ठेवायचा, कोमट झाला की गिळायचा आणि लगेच दुसरा. सूज शेवटच्या टप्प्यात आली की असं होतं: गरमाने कळ उठते आणि गारव्याने तेवढ्यापुरती बसते. ती बाटली पाहिली की माझं निम्मं निदान झालेलं असतं. दाढ खालची असेल तर पुढचंही कळतं, की इथे भूल सहजासहजी लागायची नाही.

वरच्या दाढेचं त्या मानाने सोपं. तिथलं हाड विरळ, मुळाशेजारी औषध सोडलं की आत झिरपतं. खालच्या जबड्याचं हाड जाड आणि घट्ट. म्हणून तिथली नस हाडात शिरण्याआधीच गाठावी लागते. अंगठ्याने जबड्याच्या उभ्या कडेवरचा खोलगट भाग चाचपायचा, समोरच्या बाजूच्या छोट्या दाढांवरून सिरिंज आणायची, लांब सुई दोन-अडीच सेंटिमीटर आत न्यायची. हाडाला टेकल्याचं बोटांना कळतं. मग सुई किंचित मागे घ्यायची, दट्ट्या ओढून रक्त येत नाही ना ते बघायचं आणि लिग्नोकेन हे भुलीचं औषध मिनिटभर सावकाश सोडायचं. आम्ही याला नुसतं ‘ब्लॉक’ म्हणतो. थोड्या वेळात ओठाला मुंग्या येतात, मग तो जड होतो, आणि पेशंट म्हणतो, अर्धा चेहरा सुजल्यासारखा वाटतोय.

निरोगी दाढेवर एवढं बहुतेक वेळा पुरतं. सुजलेल्या नसेवर मात्र ओठ ठार बधिर असतानाही ड्रिल दाढेच्या आतल्या थराला लागताच पेशंट खुर्चीतून उसळतो.

आमच्या कराडच्या बाजूला गळीत हंगामात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. त्यातली एक बाई अशीच दाढ घेऊन आली होती. रात्रभर मिश्री दाबून बसली होती, हिरडी काळी पडलेली. ब्लॉक दिला, ओठ बधिर झाला, हिरडीला टोचलेलंही कळत नव्हतं. दाढ बधिर झाली का ते बघायला मी तिच्यावर गार फवारा मारलेला कापसाचा बोळा टेकवला आणि बाईने माझं मनगट धरलं. म्हणाली, ‘‘व्हट मेलाय मॅडम, पण दाढ जित्ती हाय.’’

इतकं अचूक वर्णन मी पुस्तकातही वाचलेलं नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात अल रीडर, जॉन नुसस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हेच मोजून दाखवलं: ओठ बधिर झाला म्हणजे दाताची नस बधिर झाली, असं धरता येत नाही. नस सुजलेली असताना नुसत्या ब्लॉकवर वेदनेशिवाय काम होणारे पेशंट त्यांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा निम्म्याहून बरेच कमी भरले. तरीही आमच्या व्यवसायात अशा पेशंटला ‘घाबरट’ म्हणायची सवय जात नाही. ‘‘अहो, भूल दिलीय, आता कसं दुखेल?’’ हे वाक्य मी कितीतरी खुर्च्यांशेजारी ऐकलंय आणि दर वेळी मला त्याचा राग आलाय. दुखतंय की नाही हे सांगायला त्या क्षणी पेशंटशिवाय दुसरा साक्षीदार कोण आहे? शिवाय भीती हेच कारण असतं तर भीती कमी करणाऱ्या गोळ्यांनी काम भागलं असतं. ट्रायाझोलाम आणि अल्प्राझोलाम या गोळ्या आधी देऊन हे तपासून झालंय. माणूस शांत होतो, पण नसेवरचा ब्लॉकचा असर काही वाढत नाही.

आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की सुजलेल्या जागी आम्लता वाढते, म्हणून भूल चढत नाही. सूज असेल तिथेच टोचलं तर हे खरं आहे. पण ब्लॉक दाढेपासून कितीतरी मागे, चांगल्या निरोगी मांसात दिलेला असतो. तिथे कुठली आम्लता? उत्तर नसेच्या स्वभावात सापडतं. दाढेच्या आत, कठीण भिंतींमध्ये, सुजेला पसरायला जागा नसते. तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि वेदना वाहणारे तंतू इतके हळवे होतात की एरवी जाणवलाही नसता तो स्पर्श कळ होऊन निघतो. त्या तंतूंवर सोडियमच्या काही खास वाटा वाढतात आणि जास्त सहज उघडतात. लिग्नोकेन काम करतं ते सोडियमच्या वाटा बंद करून. पण या खास वाटा त्याला फारशी दाद देत नाहीत. सततच्या कळांनी मेंदूकडचा मार्गही चाळवलेला असतो. म्हणून सुई अगदी नेमकी लागली तरी दाढ जित्ती राहते.

मग सुईच्या आधीच ती रसायनं कमी केली तर? लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखवून दिलं की अ‍ॅस्पिरिनच्या जातीची औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात. त्या कामासाठी 1982 साली त्यांना इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. आयबुप्रोफेन याच घराण्यातलं. ब्लॉकच्या तासभर आधी 400 ते 600 मिलिग्रॅम पोटात गेलं, तर सुई टोचेपर्यंत दाढेतला दाह थोडा उतरलेला असतो. तास लागतो, कारण गोळी रक्तात भरायला वेळ घेते, आणि नळ बंद केला तरी पाइपातलं पाणी काही काळ वाहतच राहतं.

गोळीने किती फरक पडतो यावर मात्र एकमत नाही. इराणमध्ये मसूद परिरोख यांच्या गटाने 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नकली गोळी घेतलेल्यांत ब्लॉक 32 टक्क्यांना पुरला, आयबुप्रोफेन घेतलेल्यांत 78 टक्क्यांना. त्याच वर्षी दिल्लीत विवेक अगरवाल आणि सहकाऱ्यांना आयबुप्रोफेन आणि केटोरोलॅक या दोन्ही वेदनाशामकांनी म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ओहायोच्या लोकांनी तर 800 मिलिग्रॅम दिलं, तरी हाती फारसं लागलं नाही. पुढे असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा कौल गोळीच्या बाजूने पडला, आणि 2018 सालच्या एका मोठ्या तुलनेत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सगळ्यांत वर आलं. माझं मत असं, की गोळीने शक्यता सुधारते, खात्री मिळत नाही. पण ज्या कामात नुसत्या ब्लॉकवर निम्मे पेशंटही सुटत नाहीत, तिथे एवढी सुधारणाही मला मोलाची वाटते.

अभ्यासातला पेशंट आणि माझ्या दारातला पेशंट यांत एक मोठा फरक आहे. अभ्यासात सहसा असेच लोक घेतात ज्यांनी काही तास वेदनाशामक घेतलेलं नसतं. माझ्याकडे येणारा माणूस मेडिकलवरून दोन रंगांच्या तीन गोळ्या पोटात टाकूनच येतो, आणि त्यात बऱ्याचदा एक अँटिबायोटिक असतं, ज्याचा या कळेवर काही उपयोग नाही. म्हणून पहिला प्रश्न: कुठली घेतली, कधी, किती? पाकीट असेल तर दाखवा. कॉम्बिफ्लाम घेतली असेल तर तिच्यात आयबुप्रोफेन आलंच. वरून आणखी देणं म्हणजे जठरावर आणि मूत्रपिंडावर भार.

पुढचे प्रश्नही चुकवून चालत नाहीत. अल्सर आहे का, दमा आहे का, अ‍ॅस्पिरिनने कधी धाप लागली होती का, मूत्रपिंडाचा काही त्रास, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, दिवस गेलेत का. पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यूची शंका धरून मी आयबुप्रोफेनला हातही लावत नाही. अशांना पॅरासिटामॉल देते. त्याचा पुरावा कमकुवत आहे, पण ते सोसवतं. डेक्सामेथासोनचं नाव झालं असलं तरी आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे आणि त्याने साखर चढते, म्हणून मी ते सरसकट वापरत नाही.

आणि गोळी तपासणीच्या आधी कधीच देत नाही. गार लावून पाहणं, ठोकून पाहणं, शेजारच्या दाढांशी ताडून पाहणं, सगळं आधी. गोळी लागू झाली की कळ मऊ पडते आणि खरी दाढ कुठली ते सांगणं पेशंटला अवघड होऊन बसतं. ‘‘मॅडम, फोनवरच सांगा ना कुठली घेऊन येऊ’’ असं पुष्कळ जण म्हणतात. मी त्यांना आधी या म्हणते.

खरी अडचण त्या तासाची आहे. ऊसतोडीच्या बाईचा खाडा पडतो, बाहेर मुकादम मोटारसायकल चालू ठेवून उभा असतो. एसटीने आलेल्याला शेवटची गाडी गाठायची असते. दवाखान्याच्या हिशेबातही हा तास रिकामा दिसतो. मला तो उपचारातच मोडणारा वाटतो, म्हणून मी तो मागून घेते. मुकादमाला आत बोलावून समजावते की आज घाईने दाढ उघडली तर बाई उद्याही कामावर उभी राहणार नाही. बहुतेकांना हे पटतं. पेशंटला गोळीबरोबर दूध आणि बिस्किटं देते, रिकाम्या पोटी गोळी देत नाही. त्या तासात पेशंटचं ऐकते. दाढ कधीपासून, कुणी काय सांगितलं, आधी कुठे कसा अनुभव आला. आधीच्या खुर्चीत ‘दुखत नाही’ असं दटावलं गेलेलं असेल तर ते इथेच बाहेर येतं.

तासाभराने ब्लॉक. मग ओठ बधिर झाला का एवढं विचारून मी थांबत नाही, पुन्हा गार फवाऱ्याचा बोळा दाढेवर धरते. काही जाणवलं नाही तर ड्रिल उचलते. तरीही खात्री शंभर टक्के नसते; गार न कळणाऱ्या दाढेतही कधी कधी कळ निघते. म्हणून हात वर केला की मी थांबणार, हे आधीच ठरलेलं असतं, आणि मी थांबतेच. गार जाणवलं तर दाढेच्या बाहेरच्या बाजूला आर्टिकेन हे दुसरं भुलीचं औषध, तेही कमी पडलं तर दात आणि हाडाच्या फटीत थोडं औषध.

ऊसतोडीच्या त्या बाईलाही मी उठवलं नव्हतं. गोळी होऊन तास झाला होता, ब्लॉक नीट बसला होता, तरी गार लागत होतं. बाहेरून आर्टिकेन दिलं. पाच-सात मिनिटांनी पुन्हा बोळा टेकवला तेव्हा तिने डोळे उघडून विचारलं, ‘‘लावला का?’’ दाढ उघडली तेव्हा ती हलली नाही.

सगळ्यांच्या बाबतीत असं जमत नाही. मग एकच उपाय उरतो, सुजलेल्या नसेतच सुई रुतवून दाबाने औषध सोडणं. त्याने भूल जवळपास तत्काळ लागते, पण पंधरा-वीस मिनिटंच टिकते, आणि ती सुई स्वतःच भयंकर दुखते. ती टाळता यावी म्हणून बाकीचा सगळा खटाटोप. द्यावीच लागली तर मी आधी स्पष्ट सांगते: काही सेकंद फार जोराची कळ येईल, मी मोठ्याने आकडे मोजेन, दहाच्या आत थांबेल. आणि मग मोजायला लागते.